ब्रेकबाई आणि व्याह्यांची मोटारसायकल

ब्रेकबाईंचं खरं नाव त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, पण ते कुणी वापरत नसे. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. बाईंचा उजवा पाय गेली कित्येक वर्षं त्या ब्रेकवर होता आणि आता तो त्यांच्या ताब्यात राहिला नव्हता. बसमध्ये बसल्या तरी तो समोरच्या सीटखाली ब्रेक शोधायचा. सिनेमात नायक सुसाट गाडी हाकू लागला की पुढच्या रांगेतल्या माणसाच्या खुर्चीला लाथ बसायची. त्यांचे यजमान शिलाई मशिनं दुरुस्त करत. घरी एखादं मशीन त्यांनी जोरात चालवून पाहिलं की स्वयंपाकघरात बाईंचा पाय धप्पकन आपटलेला ऐकू येई. मग यजमान बाहेरूनच सांगत, "अगं, मी जागेवरच आहे."

शिकवण्यात मात्र बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलं होतं, आणि तरीही त्यांच्या शिकाऊ गाडीला आजवर एक ओरखडा नव्हता. हे त्या स्वतः फारसं सांगत नसत. समोरच्यानं विचारावं अशी सोय तेवढी करून ठेवत.

त्यांना आयुष्यात एकच ताप होता आणि तो म्हणजे मोटारसायकलवाले. बाईंचं म्हणणं असं की मोटार येते, बस येते, ट्रक येतो, पण मोटारसायकल येत नाही, ती उगवते. आत्ता रस्ता रिकामा असतो आणि आत्ता आरशाला हँडल घासून एक जण पुढे गेलेला असतो. शिकणाऱ्यांना त्या सांगत की या लोकांकडे फार लक्ष देऊ नका, आपण आपली रेघ सोडायची नाही, त्यांना जीव प्यारा असेल तर तेच सांभाळतील.

आता नशिबाचा भाग बघा. बाईंच्या एकुलत्या एक मुलीला सासरे मिळाले ते नेमके मोटारसायकलवाले. हे व्याही जन्मभर पाणीपुरवठा खात्यात नळांच्या चाव्या फिरवून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, नातवंडं खेळवतात. यांनी एक दणकट मोटारसायकल घेतली. शिवाय नारिंगी रंगाचं जाकीट घेतलं, इतकं भडक की ते दोरीवर वाळत घातलं तर शेजारचं कुत्रं भुंकायचं. भर दुपारीही ते पुढचा दिवा लावूनच फिरत. बाई त्यांना टोमणे मारायची एक संधी सोडत नसत. एकदा जेवताना त्या म्हणाल्या होत्या की तुमच्या वयाला आरामखुर्ची शोभते. व्याही मिशीवरून हात फिरवत म्हणाले होते की बघितली होती, पण तिला गिअर नव्हते.

त्या सकाळी शिकाऊ गाडी दातांचे डॉक्टर चालवत होते. लोकांच्या तोंडात ड्रिल घालताना ज्याचा हात हलत नाही असा हा माणूस स्टिअरिंग धरलं की घामानं निथळायचा. गाडी एका गल्लीच्या तोंडाशी आली. पुढे मोठा रस्ता होता आणि पलीकडे इमारतीचं काम चाललेलं, त्यासाठी कडेला वाळूचा मोठा ढीग घातलेला. बाईंची पद्धत अशी होती की शिकणाऱ्यानं आपली बाजू बघायची, त्यांची बाजू त्या बघणार. डॉक्टरांनी आपली बाजू दोनदा बघितली. बाईंनी आपली बघितली. नीट, मान वळवून बघितली. मग त्या म्हणाल्या, "माझ्याकडे मोकळं आहे. सोडा क्लच हळू."

डॉक्टरांनी क्लच सोडला, गाडीनं नाक बाहेर काढलं आणि बाईंच्या समोरून काहीतरी नारिंगी गेलं. डोक्याला कळायच्या आत पायाला कळलं. गाडी जागच्या जागी थांबली. मोटारसायकलवाल्यानं तिला चुकवायला हँडल वळवलं, पुढचं चाक वाळूत रुतलं, आणि तो स्वतः सीटवरून सुटून ढिगाच्या पलीकडच्या उतारावर जाऊन पालथा पडला. मोटारसायकल कलंडली. गाडीला तिचा स्पर्शही झाला नव्हता.

बाई दार उघडून धावल्या. तोंडातून पहिला शब्द सवयीचाच निघाला. "कुठून उगवलात हो?"

वाळूतल्या माणसानं हेल्मेटची काच वर केली. आतून मूठभर वाळू सांडली आणि तिच्यामागून ओळखीची मिशी बाहेर आली.

"सरळ रस्त्यानं येत होतो, विहीणबाई," व्याही म्हणाले. "नेहमीसारखा."

डॉक्टर मागून धावत आले होते. माणूस पडलाय म्हटल्यावर डॉक्टर या नात्यानं काहीतरी करायला हवं, एवढंच त्यांना सुचलं. त्यांनी व्याह्यांना तोंड उघडायला लावलं, आत नीट बघितलं आणि दात शाबूत असल्याचं जाहीर केलं. मनगट मोडलंय हे नंतर दवाखान्यात कळलं.

दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या नातेवाइकांत झाली. मुलीचा फोन आला. तिनं थेटच विचारलं, "आई, तू माझ्या सासऱ्यांना उडवलंस?" बाईंनी सांगितलं की उडवलं नाही, ते उडाले. 

बाईंना लागलं होतं ते वेगळंच. लोकांनी नावं ठेवली असती तर त्यांनी ती परत केली असती, तो प्रश्न नव्हता. डॉक्टर बिचारे स्वतःलाच दोष देत होते, त्यांनाही बाईंनी गप्प केलं, कारण मोकळं आहे असं त्या म्हणाल्या होत्या, डॉक्टर नव्हे. पण त्यांनी खरंच बघितलं होतं. नारिंगी जाकीट, पेटलेला दिवा, भला थोरला माणूस, आणि त्यांना रिकामा रस्ता दिसला होता. म्हणजे एक तर आपण खोटं बोलतोय, नाहीतर आंधळ्या झालोय. खोटं बोलत नव्हत्या हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. तिथे तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ वाचून त्यांनी तक्ता छापणाऱ्याचा पत्ताही वाचून दाखवला. डोळे ठणठणीत निघाले. बाई आणखीच अस्वस्थ होऊन घरी आल्या.

मग त्यांनी यजमानांना कामाला लावलं.

स्कूलच्या मागे सरावाचं मैदान होतं. बाई शिकाऊ गाडीत आपल्या जागेवर जाऊन बसल्या. यजमानांना त्यांनी व्याह्यांचं, दवाखान्यात नेताना शिकाऊ गाडीतच राहिलेलं नारिंगी जाकीट घालायला दिलं, ज्याच्या खिशांतून अजून वाळू पडत होती, आणि हँडल म्हणून हातात आडवा झाडू दिला. यजमानांनी जन्मात मोटारसायकल चालवली नव्हती. पण भूमिका मिळाल्यावर ते रंगात आले आणि तोंडानं इंजिनाचा आवाजही काढू लागले. मैदानाच्या टोकाकडून ते डुर्र डुर्र करत निघाले. बाई बघत राहिल्या. आवाज जवळ येत होता, माणूस दिसत नव्हता.

"अहो, कुठे आहात तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"हा काय, समोर."

"समोर कुणी नाही."

थोडा वेळ इंजीन थांबलं. मग यजमानांचा आवाज आला, "मग मी घरी जाऊ का?"

समोरच्या काचेच्या बाजूला छताला धरून ठेवणारा जो खांब असतो, त्याच्यामागे यजमान झाडूसकट अख्खे नाहीसे झाले होते. बाई रोज त्या खांबाशेजारी बसत होत्या आणि त्यांनी तो कधी मोजलाच नव्हता. घरातल्या भिंतीसारखा तो होता म्हणून होता. त्यांनी यजमानांना हात वर करायला सांगितला. वर केलाय, असं उत्तर आलं. नाचायला सांगितलं. नाचतोय, असं उत्तर आलं. मग बाई सीटवरून थोड्या पुढे वाकल्या, आणि पडद्याआडून यावेत तसे यजमान खांबाच्या कडेनं बाहेर आले. ते खरोखरच नाचत होते.

मग बाई स्टिअरिंगसमोर जाऊन बसल्या आणि गाडी हळूहळू पुढे नेत त्या बाजूच्या खांबावर तोच प्रयोग केला. तेव्हा त्यांना उलगडलं की आपणही सरकतोय आणि समोरचाही येतोय, अशा वेळी तो खांबामागून बाहेर पडेलच असं नाही. खांब त्याच्या बरोबरीनं चालतो. मोटार असती तर तिचं नाक किंवा शेपूट बाहेर राहिलं असतं. मोटारसायकल पुरी मावते.

संध्याकाळी त्या व्याह्यांकडे गेल्या. जाताना त्यांनी माफीचं भाषण तयार ठेवलं होतं, पण दारात पाय ठेवल्याबरोबर ते विसरल्या आणि थेट टेबलाशी गेल्या. कपाची गाडी केली, मिठाच्या बाटलीचा खांब केला, चमच्याचे व्याही केले आणि सगळा अपघात पुन्हा घडवून दाखवला. व्याही प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून ऐकत होते. त्यांची बायको चहा घेऊन आली होती, पण कप गाडी झालेला असल्यामुळे किटली धरून उभी होती.

व्याह्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "पटलं. खांबामागे मी एकदा होतो. बाकीच्या दिवशी मी उघड्यावर असतो, विहीणबाई. तेव्हाही दिसत नाही."

बाई म्हणाल्या की असं कसं होईल, माणूस समोर असला की दिसतोच.

"तुम्ही माझ्या गाडीवर एकदा बाहेर पडा, मग सांगा. नाहीतरी माझा हात बरा होईपर्यंत ती उभीच राहणार, बॅटरी उतरेल."

"मला मोटारसायकल येत नाही."

"मी शिकवतो. प्लास्टर हाताला आहे, तोंडाला नाही."

बाई हो कशा म्हणाल्या हे त्यांना नंतर सांगता आलं नाही. थोडी बोच होती, थोडा हट्ट होता. शिवाय व्याह्यांची बायको किटलीआडून हसली होती, ते त्यांना झोंबलं.

अशा रीतीनं शहराला गाडी शिकवणारी बाई पन्नाशी उलटल्यावर शिकाऊ परवाना काढून, गुडघ्यांना पट्टे बांधून, स्वतःच्याच मैदानावर शिकायला उभी राहिली. व्याही झाडाखाली खुर्ची टाकून बसत. त्यांचं शिकवणं म्हणजे बाईंच्या शिकवण्याची हुबेहूब नक्कल होती. सोडा क्लच हळू, खाली काय बघताय, रस्ता पायात नसतो, ही सगळी वाक्यं बाईंचीच, आणि ती ऐकून घेताना त्यांचा नुसता संताप व्हायचा. आपण इतकं टोचून बोलतो हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं. गंमत म्हणजे मोटारसायकलला उजव्या पायाशी खरोखरचा ब्रेक होता. इतकी वर्षं हवेत ब्रेक दाबणाऱ्या त्या पायाला अखेर काहीतरी सापडलं आणि तो इतका हरखला की पहिल्याच वळणावर त्यानं जीव खाऊन दाबलं. बाई गवतात बसल्या. मोटारसायकल शेजारी आडवी झाली. व्याह्यांनी खुर्चीवरून विचारलं, "कुठून उगवलात?"

पण त्या शिकल्या. रीतसर परीक्षा देऊन पास झाल्या आणि एका सकाळी नारिंगी जाकीट घालून, दिवा लावून रस्त्यावर आल्या.

रस्ता तोच होता. वर्षानुवर्षं रोज त्यावरून गेलेल्या, पण त्याची त्यांना ओळख पटेना. मोटारीतून ज्याचा पत्ताही लागत नसे तो सांडलेल्या तेलाचा डाग इथे आयुष्याचा प्रश्न होऊन समोर येत होता. गटाराचं लोखंडी झाकण, ओली पानं, कुणीतरी गाडीतून फेकलेली बाटली, सगळ्यावर लक्ष ठेवायचं. मोटारसायकलवाले सापासारखे वळवळत का जातात, याचं उत्तर त्यांना पहिल्या दहा मिनिटांत मिळालं. खड्डा चुकवायला. आणि वरून माणसं. गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला मोटारवाला मान वळवून त्यांच्याकडे बघायचा. त्याच्या भुवयासुद्धा त्यांना दिसायच्या. आणि मग तो निवांतपणे गाडी त्यांच्या अंगावर घालायचा. रागानं नाही, मस्तीनंही नाही. काचेतून बाहेर बघावं तसा तो त्यांच्यातून पलीकडे बघत असे. मोटार येतेय का, हे शोधत असे. मोटार येत नसे, म्हणजे त्याच्या लेखी कुणीच येत नसे.

बाई घरी येऊन यजमानांना म्हणाल्या, "मी दिसतेय ना तुम्हाला?" यजमानांना मागचा अनुभव होता, त्यांनी नुसतीच मान हलवली.

मग एक दिवस औषधाच्या दुकानदाराची गाठ पडली. हा बाईंचा जुना विद्यार्थी आणि त्यातही लाडका. आरसा कसा बघावा हे नव्या लोकांना समजावताना त्या त्याचाच दाखला देत. त्या दिवशी तो बाईंच्या शेजारून आपल्या गाडीत चालला होता. सिग्नल जवळ आला, त्याला रांग बदलायची होती. त्यानं आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, सगळं शिकवल्याप्रमाणे केलं आणि अख्खी गाडी बाईंवर आणली. बाईंच्या पायानं कधी नव्हे इतकं शहाणपणानं काम केलं. ब्रेक आधी हळू दाबला, मग जोरात. गाडीच्या मागच्या चाकाशी हातभर अंतर राखून त्या थांबल्या.

सिग्नल लाल होता. बाईंनी मोटारसायकल त्याच्या खिडकीशी नेली आणि काचेवर टकटक केली. काच खाली आली. दुकानदार रागावलेला होता.

"काय हो, कुठून उगवता तुम्ही लोक? दिसत नाही का?"

बाईंनी हेल्मेटची काच वर केली.

दुकानदाराच्या चेहऱ्यावरून राग उतरला. त्याचे दोन्ही हात आपोआप स्टिअरिंगवर बरोबर जागी जाऊन बसले. पाठ ताठ झाली. एका हातानं त्यानं सीटबेल्ट चाचपून पाहिला, मग उगीचच मधला आरसा थोडा हलवला. मागे कुणी हॉर्न वाजवला तरी तो तसाच, परीक्षेला बसल्यासारखा.

"बाई," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मी आरसा बघितला होता."

बाईंनी मनात बरंच काही जमवलं होतं. ते सगळं त्या एका वाक्यानं गळून पडलं. कारण हे वाक्य त्यांचंच होतं. हेच त्या दवाखान्यात, मुलीला, यजमानांना सांगत फिरल्या होत्या.

"बघितला होतास रे," त्या म्हणाल्या. "मीही बघितलं होतं. तुला मी शिकवलं ते अर्धंच शिकवलं. पुढे कडेला घे."

पुढे कडेला त्याच्या गाडीत बसून त्यांनी त्याला उरलेलं अर्धं शिकवलं. आरशात जे मावत नाही त्यासाठी खांद्यावरून मागे एक नजर टाकायची. गल्लीच्या तोंडाशी सीटवरून पुढे वाकायचं, मग मागे व्हायचं, म्हणजे खांबामागे कुणी लपलं असेल तर बाहेर येतं. आणि मोटार शोधायची नाही, माणूस शोधायचा. दुकानदारानं तिथल्या तिथे दहादा पुढेमागे होऊन दाखवलं. फुटपाथवरून जाणाऱ्या एका आजोबांना वाटलं, गाडी ढकलायला हवी आहे. ते मदतीला आले.

त्यानंतर ड्रायव्हिंग स्कूलमधली शिकवणी बदलली. आपली रेघ सोडू नका हे वाक्य बाईंनी पुन्हा उच्चारलं नाही. आता प्रत्येक शिकणाऱ्याला रस्त्यावरची दुचाकी दिसली की मोठ्यानं सांगावी लागे. दातांचे डॉक्टर ते इतकं मनावर घेऊन करू लागले की गाडीत सारखा पुकारा चाले, निळं हेल्मेट डावीकडे, दोघी बहिणी मागे, पाववाला पुढे, पाववाला अजून पुढेच. सवय अशी जडली की दवाखान्यात रुग्णाच्या तोंडात वाकूनही ते एकदा पुटपुटले, एक मागे लपलाय. ती अक्कलदाढ होती आणि ती खरोखरच लपली होती. आणि गल्लीच्या तोंडाशी बाईंचे विद्यार्थी मान पुढेमागे करत थांबलेले दिसू लागले. लोकांनी त्यांचं नाव कबुतरं ठेवलं. मागचे गाडीवाले वैतागत, हॉर्न वाजवत. बाई खिडकीतून हात काढून त्यांना थांबायची खूण करत आणि कबुतराला सांगत की घाई करू नका, पुन्हा एकदा बघा.

व्याह्यांचं मनगट बरं झालं. हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना हँडल धरायला हरकत नाही म्हटलं, आणि बाईंवर मोटारसायकल परत करायची वेळ आली. त्यांनी ती धुतली, पुसली, आणि सरळ जायचं सोडून लांबच्या रस्त्यानं निघाल्या. तळ्याला वळसा, मग बाजाराची मागची बाजू, मग शाळेचा रस्ता. शाळेच्या पुढे एका गल्लीच्या तोंडाशी पांढरी मोटार उभी होती. बाईंनी सवयीनं वेग कमी केला आणि पाय तयार ठेवला. आता ही अंगावर येणार.

मोटारीत एक बाई होती, मागे झोपलेलं मूल. तिला कधी पाहिल्याचं ब्रेकबाईंना आठवेना. ती त्यांच्या स्कूलची नव्हती, बसण्याची ढबच वेगळी होती. तिनं मान वळवली, थोडी पुढे वाकली आणि तिची नजर ब्रेकबाईंवर येऊन थांबली. पलीकडे गेली नाही, त्यांच्यावर थांबली. मग तिनं स्टिअरिंगवरचा हात उचलून खूण केली की तुम्ही जा आधी.

ब्रेकबाईंना इतकं बरं वाटलं की काय करावं ते सुचेना. त्यांनीही हात हलवला. मान तुकवली. पुन्हा हात हलवला. या सगळ्यात क्लचवरचा हात सुटला आणि मोटारसायकल एक गचका खाऊन तिच्या नाकासमोरच, रस्ता अडवून बंद पडली. मोटारीतली बाई थोडा वेळ थांबली. मग तिनं, मूल जागं होऊ नये अशा बेतानं, अगदी हलकासा हॉर्न दिला.

व्याह्यांच्या हातात किल्ली देताना बाईंनी सांगितलं की गाडी उत्तम आहे, एकदा बंद पडली, पण चूक माझी होती. व्याह्यांनी विचारलं की असं काय झालं. बाईंनी सगळं सांगितलं. ते मन लावून ऐकत राहिले, आणि त्यांची बायको या वेळी दोन्ही कप घेऊनच बाहेर आली. मग व्याही म्हणाले की अशी एक बाई त्यांना एकदा भेटली होती, फार वर्षांपूर्वी, निळ्या मोटारीतली. आणि चहा निवला तरी दोघं त्या दोन अनोळखी बायांबद्दलच बोलत बसली.